एक ठोका, पाच ठोके आणि शेजाऱ्याची कुऱ्हाड

हिवाळ्यातली संध्याकाळ. घरात शेगडी पेटलेली, तिच्याजवळ बाप-लेक बसलेले. दारावर एक ठोका पडतो आणि थांबतो. मग ओळीने पाच ठोके. बाहेरून आवाज येतो, एक वस्तू उसनी हवी होती. बाप त्याला तिथेच थांबवतो, काय हवंय ते बोलू नका म्हणतो आणि मुलाकडे वळतो: तू शकुन मांड आणि सांग, काय न्यायला आलेत ते.

मुलगा मांडतो आणि म्हणतो, कुदळ. बाप म्हणतो, नाही, कुऱ्हाड. शेजाऱ्याला विचारलं तर त्याला कुऱ्हाडच हवी असते.

एवढंच प्रकरण. चिनी शकुनविद्येवरच्या 'मेइहुआ यीशू' या ग्रंथात ते जेमतेम दहा-बारा ओळींत उरकलं आहे. मेइहुआ म्हणजे कडाक्याच्या थंडीत, पानं फुटायच्या आधी फुलणाऱ्या प्लमच्या झाडाचं फूल, आणि यीशू म्हणजे 'यी चिंग' या प्राचीन चिनी शकुनग्रंथावर आधारलेली गणनेची विद्या. त्या झाडाच्या फांदीवर दोन चिमण्या भांडता भांडता खाली पडल्या आणि त्यावरून गुरुजींनी शकुन मांडला, या पहिल्या उदाहरणावरून पद्धतीला हे नाव पडलं. गुरुजी म्हणजे शाओ योंग, आणि वरच्या गोष्टीतला बापही तोच. उत्तर सोंग काळातला हा तत्त्वचिंतक लोयांग शहरात राहायचा. सरकारी पद त्याने घेतलं नाही, राहत्या घराला 'सुखाचं घरटं' अशा अर्थाचं नाव दिलं होतं, आणि स-मा ग्वांगसारखा मोठा इतिहासकार त्याचा मित्र होता. 1077 मध्ये तो वारला. ग्रंथ त्याच्या नावावर चालत आला असला, तरी आत त्याचा उल्लेख सगळीकडे तृतीयपुरुषी, 'गुरुजी' असा येतो. म्हणजे लिहिणारे हात दुसऱ्यांचे, पुढच्या काळातले. म्हणून मी हे प्रकरण घडलेल्या घटनेचा पुरावा म्हणून वाचत नाही. शिकवण्यासाठी जपलेलं उदाहरण म्हणून वाचतो.

आणि शिकवण्यासाठी इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. शकुनाच्या गोष्टींत गुरू नेहमी बरोबर असतो, शिष्य आ वासून बघतो. इथे शिष्याचं गणित शेवटच्या आकड्यापर्यंत बिनचूक आहे आणि तरीही उत्तर चुकलं आहे. चूक नक्की कुठल्या थरात झाली, हे शोधताना अख्खी पद्धत उलगडून समोर येते.

मुलाने काय मांडलं

यी चिंगचा शकुन जुन्या रीतीने काढायचा तर एका रानझुडपाच्या 50 वाळक्या काड्या लागतात. त्यातली एक बाजूला ठेवायची आणि उरलेल्या 49 काड्यांची वाटणी ठराविक रीतीने 18 वेळा करायची, तेव्हा सहा रेघांचं एक चिन्ह मिळतं. मेइहुआ पद्धतीत काड्या नाहीत. समोर जे घडलं त्यातूनच आकडे उचलायचे. चिमण्यांच्या उदाहरणात गुरुजी म्हणतात की हालचाल नसेल, काही कारण घडलं नसेल, तर शकुन बघायचा नाही. चिमण्या झाडावर गप्प बसल्या असत्या तर मांडण्यासारखं काही नव्हतंच. आपल्याकडे प्रश्नकुंडली मांडणारा प्रश्न कानावर पडला त्या क्षणाचं लग्न धरतो, तसंच हे. फक्त इथे क्षणाबरोबर दारावरचा ठोकासुद्धा हिशेबात येतो.

पायाला आठ चिन्हं आहेत. प्रत्येकात तीन रेघा, एकेक रेघ सलग किंवा तुटक. मेइहुआ पद्धतीत त्यांचे क्रमांक ठरलेले आहेत: 1 छिएन म्हणजे आकाश, 2 दुई म्हणजे तळं, 3 ली म्हणजे आग, 4 जन म्हणजे मेघगर्जना, 5 श्युन म्हणजे वारा, 6 खान म्हणजे पाणी, 7 गन म्हणजे डोंगर, 8 खुन म्हणजे धरणी.

हा क्रम मनाला येईल तसा लावलेला नाही. कागद-पेन्सिल घेऊन करून बघावं असं आहे. सलग रेघेला 1 म्हणा, तुटक रेघेला 0, आणि चिन्ह खालून वर वाचा. छिएनच्या तिन्ही रेघा सलग, म्हणजे 111. दुईच्या खालच्या दोन सलग आणि वरची तुटक, म्हणजे 110. पुढे 101, 100, 011, 010, 001 आणि शेवटी खुन 000. द्विमान पद्धतीत हे 7 पासून 0 पर्यंत ओळीने उतरत जाणारे आकडे आहेत. शाओ योंगच्या परंपरेतली 64 चिन्हांची अशीच मांडणी बूवे नावाच्या जेझुइट धर्मप्रसारकाने 1701 मध्ये पेकिंगहून लायब्निट्झला पाठवली. त्या जर्मन गणितज्ञाने आपलं द्विमान अंकगणित 1703 मध्ये मांडलं, तेव्हा त्यात या चिनी रेघांची चर्चाही केली. मला स्वतःला या विद्येकडे पहिल्यांदा ओढलं ते या उतरत्या आकड्यांनी. भविष्याचा मोह नंतरही फारसा झाला नाही.

आता दारावर. पहिला एक ठोका, म्हणून वरचं चिन्ह छिएन. मग पाच ठोके, म्हणून खालचं चिन्ह श्युन. वर आकाश, खाली वारा. या सहा रेघांच्या चिन्हाचं नाव गोऊ, आणि अर्थ 'ध्यानीमनी नसताना गाठ पडणे'. दारात अवचित आलेल्या माणसाला याहून साजेसं नाव मिळणार नाही. बाप-लेकांपैकी कोणी त्याचा उल्लेखही करत नाही.

यानंतर वेळ येते. जुना चिनी दिवस बारा भागांत मोडतो, प्रत्येक भाग आपल्या दोन तासांचा, आणि पहिला भाग रात्री अकराला सुरू होतो. संध्याकाळी पाच ते सातचा भाग दहावा, त्याचं नाव योऊ. ठोके 1 आणि 5, त्यात वेळेचे 10 मिळवले की 16. सहाने भागलं तर दोनदा जातं आणि बाकी 4 उरते. म्हणून खालून चौथी रेघ 'हलती' धरायची आणि उलटवायची: सलग होती, ती तुटक झाली. चौथी रेघ म्हणजे वरच्या छिएनची सगळ्यात खालची रेघ. ती तुटली की छिएनचा श्युन होतो. परिणामी नवं चिन्ह तयार होतं, खालीवर दोन्हीकडे वारा.

मधे आणखी एक पायरी आहे. मूळ चिन्हाच्या पोटातली चिन्हं काढायची: दुसरी-तिसरी-चौथी रेघ घेऊन एक, तिसरी-चौथी-पाचवी घेऊन दुसरं. गोऊच्या सहा रेघांत फक्त सगळ्यात खालची रेघ तुटक आहे, त्यामुळे पोटातली दोन्ही चिन्हं छिएनच निघतात.

मुलाने गोळाबेरीज केली. छिएन एकूण तीन: मूळ चिन्हात एक, पोटात दोन. श्युन दोन: मूळ चिन्हात एक आणि रेघ उलटल्यावर नव्याने झालेला एक. चिनी पंचतत्त्वांच्या (लाकूड, आग, माती, धातू, पाणी) हिशेबात छिएन धातू, श्युन लाकूड. म्हणजे वस्तू धातू आणि लाकूड मिळून झालेली. धातू आखूड, लाकूड लांब. लांब लाकडी दांडा आणि टोकाला छोटं लोखंडी पातं. कुदळ!

इथवर एकही पायरी चुकलेली नाही.

एकाच खुणेला किती कामं

वाचणारा इथे म्हणेल, ठोके मोजले, वेळ मिळवली, भागाकार केला, यात विशेष काय? विशेष हे की प्रत्येक आकडा ज्या खुणेवर जाऊन बसतो, ती खूण आधीच पुष्कळ गोष्टींनी भरलेली असते.

योऊ घ्या. हा दिवसाचा दहावा भाग आहे हे आपण पाहिलं. पण त्याच बारा खुणा महिन्यांनाही लागतात, वर्षांनाही लागतात आणि दिशांनाही. पहिली खूण त्झ: मध्यरात्र, उत्तर दिशा आणि हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस ज्यात येतो तो महिना. सातवी वू: भर दुपार, दक्षिण, सगळ्यात मोठा दिवस. चौथी माओ: पहाट आणि पूर्व. दहावी योऊ: तिन्हीसांजा, पश्चिम, शरद ऋतू, आणि पंचतत्त्वांतला धातू. घड्याळ आणि होकायंत्र यांना खुणांचा वेगळा संच नाहीच. एकच तबकडी दोन्ही कामं करते. चिनी वास्तुविद्येचं होकायंत्र, लोपान, हातात घेऊन पाहिलं तर हे बोटाने फिरवता येतं. त्यावर 24 दिशांचं एक वलय असतं, प्रत्येक दिशा 15 अंशांची. त्या 24 खुणांत 12 या वेळेच्या, 8 दुसऱ्या एका कालगणनेच्या, आणि उरलेल्या 4 जागी, म्हणजे चार कोपऱ्यांत, आपल्या आठांपैकी चार चिन्हं बसवलेली असतात. छिएन वायव्येला. श्युन आग्नेयेला. बरोब्बर समोरासमोर. म्हणजे शेजाऱ्याने एक आणि पाच ठोके मारले तेव्हा नकळत त्या तबकडीचा एक अख्खा कर्ण आखला गेला, आणि त्यातली वेळ पश्चिमेच्या घरात पडली.

या प्रकरणात बापाला दिशेची गरज नव्हती, माणूस दारातच उभा होता. हरवलेली वस्तू शोधायची असती तर हाच थर आधी बोलला असता.

सहा रेघांच्या चिन्हातही हाच मेळ आहे, आणि इथे मला सगळ्यात जास्त आनंद होतो. रेघा खालून वर मोजतात. मधल्या रेघांना दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी म्हणतात. सगळ्यात खालच्या रेघेला मात्र 'खालची' म्हणत नाहीत, 'आरंभीची' म्हणतात. आणि सगळ्यात वरच्या रेघेला 'शेवटची' म्हणत नाहीत, 'वरची' म्हणतात. एका टोकाला काळाचा शब्द, दुसऱ्या टोकाला जागेचा. शिडीची पहिली पायरी वेळेत आणि शेवटची पायरी अवकाशात. दोन हजार वर्षांहून अधिक काळ चिनी वाचक या नावांनीच रेघा मोजत आला आहे. वेळ आणि जागा वेगळ्या करून मोजायची सवय आपल्याला घड्याळाने आणि नकाशाने लावली. तिथे ती लागलीच नव्हती, असं या दोन शब्दांवरून वाटतं.

तिन्ही चिन्हसंचांचाही एक काळक्रम धरतात. मूळ चिन्ह म्हणजे गोष्टीची सुरुवात, पोटातली चिन्हं म्हणजे मधला प्रवास, रेघ उलटून झालेलं चिन्ह म्हणजे शेवट. शेजाऱ्याच्या बाबतीत सुरुवात 'अवचित गाठ' आणि शेवट श्युन, ज्याचा एक जुना अर्थ 'आत शिरणे' असा आहे.

उरला प्रतीकांचा थर. यी चिंगला जोडलेल्या 'शुओ ग्वा' नावाच्या परिशिष्टात आठही चिन्हांच्या याद्या आहेत. छिएन म्हणजे आकाश, वर्तुळ, राजा, बाप, जेड, धातू, थंडी, बर्फ, चांगला घोडा. श्युन म्हणजे लाकूड, वारा, थोरली मुलगी, ओळंब्याची दोरी, कारागिरी, पांढरा रंग, लांब, उंच. मुलाने 'लाकूड लांब' म्हटलं ते या यादीतून आलं आहे. 'लांब' हा शब्द तिथे उघड लिहिलेला आहे. छिएनच्या यादीत तो नाही, म्हणून धातू त्या मानाने आखूड.

याद्या अशा लांबलचक असण्याला कारण आहे. वरचं चिन्ह आठांतलं एक, खालचं आठांतलं एक, हलती रेघ सहांतली एक: 8 गुणिले 8 गुणिले 6, फार तर 384 मांडण्या. त्यात योऊची वेळ एकदा ठरली की हलती रेघही ठोक्यांवरूनच ठरते, म्हणजे ठोके दोन्ही वेळा आठपर्यंतच धरले तर त्या संध्याकाळी पाच ते सात या वेळात जास्तीत जास्त 64 शक्यता. एका शेतकऱ्याच्या घरातल्या वस्तू मोजा, त्या याहून जास्त भरतील. तेव्हा प्रत्येक मांडणीच्या वाट्याला अनेक वस्तू येणार हे ठरलेलंच आहे. हा त्या पद्धतीतला दोष नव्हे, तिची बांधणीच तशी आहे. गणित घोळक्यातून ओळखीच्या दोन-चार चेहऱ्यांपर्यंत आणून सोडतं.

बापाचं उत्तर

मुलगा विचारतो, कुऱ्हाड कशावरून? बापाचं उत्तर ग्रंथात आहे, ते आपल्या भाषेत असं: आकडा काढला म्हणजे संपलं नाही, त्याबरोबर 'ली' समजायला हवी. चिन्हावरून पाहिलं तर कुऱ्हाडही चालते, कुदळही चालते. पण 'ली'वरून पाहिलं तर एवढ्या संध्याकाळी कुदळ कशाला लागेल? कुऱ्हाडच लागणार, सरपण फोडायला.

'ली' हा सोंग काळातल्या तत्त्वज्ञांचा लाडका शब्द. (आगीच्या 'ली' चिन्हाशी त्याचा संबंध नाही; चिनीत ते दोन वेगळे शब्द आहेत.) वस्तूची घडण, तिची रीत, ती अशीच का आहे याचं कारण, असा त्याचा पसारा. इथे बापाने तो अगदी घरगुती अर्थाने वापरला आहे: माणसं हिवाळ्याच्या संध्याकाळी काय करतात, याची जाण.

ती जाण किती पक्की आहे ते पाहा. लोयांग सुमारे साडेचौतीस उत्तर अक्षांशावर आहे. ऐन हिवाळ्यात तिथे सूर्य स्थानिक वेळेनुसार पाचच्या आतच मावळतो. म्हणजे योऊ लागला तेव्हा सूर्य बुडालेला. अंधारात शेतात कोण जाणार? घरोघरी चूल पेटायची वेळ, आणि रात्र काढायला शेगडीत लाकूड हवं. योऊ ही वेळ मुलाने गणितात दहा म्हणून मिळवली आणि सोडून दिली. बापाने तीच वेळ दुसऱ्यांदा वापरली, संध्याकाळ म्हणून. हंगामही तसाच. गणितात हिवाळा कुठेच आलेला नाही, महिना मोजलेलाच नाही. बापाच्या उत्तरात तो आहे.

मला वाटतं, प्रकरणाचा सगळा गाभा इथे आहे. एकाच वेळेची दोन वाचनं: एक आकड्याची, एक चुलीची. मुलाने पहिलं केलं.

बापाने बोलून न दाखवलेली आणखी एक गोष्ट मला दिसते. ती माझी आहे, ग्रंथातली नव्हे. कुदळ मातीवर चालते, कुऱ्हाड लाकडावर. या मांडणीत माती कुठे आहे? डोंगर आणि धरणी ही मातीची दोन चिन्हं मूळ चिन्हात नाहीत, पोटात नाहीत, शेवटी नाहीत. लाकूड मात्र आहे, आणि त्याच्या बोकांडी बसलेला धातू आहे. पंचतत्त्वांचा नियमच असा की धातू लाकडाला कापतो. तेव्हा चिन्हांच्या बाजूनेसुद्धा कुऱ्हाडीचं पारडं जड होतं. शिवाय छिएनच्या यादीत 'थंडी' आणि 'बर्फ' आहेतच. बापाला हे दिसलं नसेल असं वाटत नाही. तरी त्याने मुलाला चिन्हांतलं बारीक कारण दिलं नाही, संध्याकाळचं ढोबळ कारण दिलं. चिन्हांतली कारणं उत्तर ठाऊक झाल्यावर हवी तेवढी सापडतात. आत्ता मीही तेच केलं. संध्याकाळ मात्र आधीपासून समोर होती.

म्हणूनच त्याने शेजाऱ्याला बोलू दिलं नाही हेही मला महत्त्वाचं वाटतं. उत्तर झाकून ठेवलं, मुलाकडून आधी वदवून घेतलं, आपलंही आधी सांगितलं आणि मग विचारलं. मात्र एक गोष्ट झाकली गेली नाही: 'उसनी हवी' हे शब्द. त्यांनीच अर्धं काम केलं. उसनं मागतात ते परत देण्यासारखं, शेजाऱ्याकडे असणारच असं, आणि आत्ताच्या आत्ता लागणारं. छिएन म्हणजे घोडा, छिएन म्हणजे जेड, छिएन म्हणजे राजा; हे सगळे अर्थ त्या एका शब्दाने दारातूनच परत पाठवले.

तेच चिन्ह, दुसरी बाग

याच ग्रंथात दुसरं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, पिओनीच्या फुलांचं. लोयांग या फुलांसाठी चीनभर नावाजलेलं. वर्षाची खूण सहावी, महिना तिसरा, तिथी सोळावी, वेळ माओ म्हणजे पहाटेचे पाच ते सात. फुलं ऐन बहरात आहेत आणि पाहुणा विचारतो, यांचंही काही भाकीत असतं का? इथे ठोके नाहीत, सगळा हिशेब काळाचा. 6, 3 आणि 16 मिळून 25. आठाने भागून बाकी 1, वर छिएन. त्यात वेळेचे 4 मिळवले, 29. आठाने भागून बाकी 5, खाली श्युन. पुन्हा गोऊ! 29 ला सहाने भागलं तर बाकी 5, म्हणून हलती रेघ पाचवी. ती तुटली की वरचा छिएन ली होतो, आग.

शेजाऱ्याच्या दारातलं आणि बागेतलं मूळ चिन्ह एकच. पोटातली चिन्हंही तीच, दोन छिएन. हलती रेघ दोन्हीकडे वरच्या चिन्हात, म्हणून स्थिर धरायचं ते खालचं लाकूड आणि त्याच्यावर चालून येणारा तो वरचा धातू, हे नातंही तेच. पण गुरुजी इथे कुऱ्हाड म्हणत नाहीत. ते म्हणतात, उद्या दुपारी ही फुलं घोडे तुडवतील. लाकूड म्हणजे इथे झाडं. त्यांना मोडणारा छिएन म्हणजे इथे घोडा. आणि शेवटच्या चिन्हातला ली दक्षिणेचा, माथ्यावरच्या सूर्याचा, म्हणून वेळ दुपारची. गोष्टीप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी फुलं बघायला आलेल्या अधिकाऱ्यांचे घोडे एकमेकांशी झुंजले आणि फुलं तुडवली गेली.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की दिसतं, चिन्ह बदललेलं नाही, बदलली ती जागा. दारात लाकूड म्हणजे दांडा, बागेत लाकूड म्हणजे झाड. दारात धातू हातात धरायचा, बागेत धातू खुरांनी येतो. अमुक यादीतला अमुक शब्द उचल, असं सांगणारा नियम आकड्यांत नाही. तो उचलायला बागेत किंवा दारात उभं राहावं लागतं.

आणि याच ठिकाणी या विद्येवरचा माझा आक्षेपही उभा आहे, तो लपवायचं कारण नाही. पिओनीच्या दिवशी पहाटे पाच ते सात या वेळात ज्याने कोणी फक्त काळावरून शकुन मांडला असेल, त्या प्रत्येकाला गोऊच मिळाला असणार: नावाड्याला, बाळंतिणीच्या नवऱ्याला, बाजारात निघालेल्या कुंभाराला. सगळ्यांच्या दारात घोडे आले नाहीत. ग्रंथ जुळलेली उदाहरणं जपतो, न जुळलेली जपत नाही. भाकीत म्हणून या पद्धतीवर मी विसंबणार नाही. पण अपुऱ्या खुणांवरून अंदाज कसा बांधायचा, आणि आकड्याने आपलं काम केल्यावर माणसाने आपलं काम कुठून सुरू करायचं, याचा धडा म्हणून शेजाऱ्याचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा उघडतो. यी चिंगमध्ये गोऊच्या चौथ्या रेघेला स्वतःचं वचनही आहे, 'गाठोड्यात मासा नाही', आणि ते अशुभ मानलेलं आहे. बाप-लेकांनी ते वचन वाचलंच नाही. लिहिलेलं वाक्य हाताशी असताना ते बाजूला ठेवून अंधाराकडे आणि थंडीकडे बघायचं, याला धीर लागतो.

मागे एकदा वहीत ही आकडेमोड करताना सहज एक आकडा बदलून पाहिला. समजा शेजारी थोडा उशिरा आला असता, सात वाजून गेल्यावर, शू या अकराव्या भागात. ठोके तेच, एक आणि पाच. बेरीज 17. सहाने भागून बाकी 5. हलती रेघ चौथीऐवजी पाचवी, आणि शेवटचं चिन्ह बागेतलंच: खाली लाकूड, वर आग. या चिन्हाचं नाव डिंग, म्हणजे स्वयंपाकाचं तीन पायांचं मोठं भांडं. यी चिंगच्या जुन्या भाष्यात त्याचं वर्णन तीन-चार शब्दांत आहे: लाकडावर आग. दोन तासांच्या फरकाने चूल मांडणीतच आली असती, आणि बहुधा मुलानेही कुदळ म्हटलं नसतं.